इमारत पाडल्यावर राडारोडा जातो कुठे? पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्यात आज ज्या गल्लीत जावं तिथे एखादी तरी इमारत पत्र्यांच्या कुंपणाआड गेलेली दिसते. सोसायटीच्या सभांमध्ये चर्चा होते ती कार्पेट एरिया, भाडं आणि कॉर्पस फंडाची. जुनी इमारत जाते कुठे आणि नव्या इमारतीचं साहित्य येतं कुठून, हा प्रश्न अजेंड्यावर क्वचितच असतो. तो असायला हवा, असं मनापासून वाटतं म्हणून सभासदांकडून आणि कमिट्यांकडून वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

राडारोडा म्हणजे नेमकं काय काय?

पुण्यात राडारोडा, मुंबईत डेब्रिज. फुटलेलं काँक्रीट, विटा, गिलावा, लाद्या, कोबा, बाथरूमच्या टाइल्स, कमोड-बेसिनचे तुकडे, खोदाईची माती आणि मुरूम हे सगळं त्यात आलं. सळई, लाकूड, ग्रील, वायर, नळ यांना मात्र राडारोडा म्हणू नये. त्यांना बाजारात गिऱ्हाईक आहे आणि ते जागेवरूनच विकले जातात. प्रश्न उरतो तो ज्याला गिऱ्हाईक नाही त्याचा, आणि वजनाने पाहिलं तर इमारतीचा बहुतेक भाग तोच असतो.

आमची चार मजली इमारत आहे. त्यातून किती माल निघेल?

टायफॅक या सरकारी संस्थेने २००१ च्या सुमारास अर्धपक्क्या आणि पक्क्या इमारतींच्या पाडकामासाठी दर चौरस मीटरमागे ३०० ते ५०० किलो असा अंदाज दिला होता आणि तोच आकडा अजून अनेक कागदांत फिरतो. आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या इमारतीसाठी तो कमी पडतो. स्लॅब, बीम, कॉलम, विटांच्या भिंती, दोन्ही बाजूंचा गिलावा आणि लादीखालचा कोबा धरला, तर बांधीव क्षेत्राच्या चौरस मीटरमागे सुमारे एक टन धरणं शहाणपणाचं.

उदाहरण घेऊ. वीस फ्लॅट, एकूण बांधीव क्षेत्र १,२०० चौरस मीटर. म्हणजे साधारण १,२०० टन माल. दहाचाकी डंपरमध्ये १६ टन भरले तर ७५ खेपा. आणि पाडकामानंतर बेसमेंट किंवा पाया खोदायचा असेल तर माती-मुरुमाच्या खेपा वेगळ्या. त्या अनेकदा यापेक्षा जास्त भरतात.

ठेकेदार ‘ब्रास’मध्ये बोलेल. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. ब्रास हे माप आकारमानाचं, वजनाचं नाही. सैल भरलेल्या राडारोड्याची आणि खडीची ब्रास वजनात सारखी नसते. म्हणून पावती वजनकाट्याची मागा, ब्रासची नको.

एवढ्या ट्रकांनी प्रदूषण होतं ते धुराने की धुळीने?

दोन्हीने. पण दोन्हीचे हिशेब वेगळे आहेत आणि ते एकत्र केले की चुकीचे निष्कर्ष निघतात.

आधी धूर. वरच्या उदाहरणात टाकण्याची जागा ३० किलोमीटरवर आहे असं धरू. डंपर भरून जातो आणि रिकामा परत येतो, म्हणून एका खेपेला ६० किलोमीटर. ७५ खेपांचे झाले ४,५०० किलोमीटर. भरलेला-रिकामा मिळून डंपर लिटरला साडेतीन किलोमीटर देतो असं मानलं तर सुमारे १,३०० लिटर डिझेल लागलं. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एकूण साडेतीन टनांच्या आसपास, टन राडारोड्यामागे तीन किलोच्याही आत.

आता हा आकडा नव्या इमारतीसमोर ठेवा. त्याच प्लॉटवर ४,००० चौरस मीटरची इमारत उभी राहिली तर तिला ढोबळमानाने हजार टन सिमेंट लागतं. भारतात एक टन सिमेंट बनवताना सुमारे ६०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे फक्त सिमेंटचे ६०० टन. सळईचे वेगळे. साडेतीन कुठे आणि सहाशे कुठे!

तर मग राडारोड्याच्या वाहतुकीची काळजी करायची की नाही? करायची, आणि ती धुळीसाठी. उघडा डंपर शहरातून जाताना मागे सांडत जातो. सांडलेला चुरा पुढच्या शंभर गाड्यांच्या चाकांखाली दळला जातो आणि दिवसभर हवेत उडत राहतो. काँक्रीट आणि विटांच्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात जाऊन बसली की बाहेर येत नाही. ताडपत्री बांधणं आणि फाटकातून बाहेर पडताना चाकं धुणं या दोन कामांना पैसा फार लागत नाही, पण ती कोणी मागे लागल्याशिवाय होत नाहीत. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धूळ नियंत्रणाची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत उंच पत्र्याचं कुंपण, पाणी फवारणी, झाकलेल्या गाड्या, चाकं धुण्याची सोय आणि गाड्यांवर ट्रॅकिंग यंत्र या सगळ्याचा उल्लेख आहे. कमिटीने ती छापून बिल्डरच्या इंजिनीअरसमोर ठेवावीत.

म्हणजे लांबून आलेलं साहित्य पर्यावरणाला वाईट, हे खरं की खोटं?

साहित्य कोणतं यावर ते ठरतं. ही गोष्ट नीट समजून घेतली तर निम्मे वाद मिटतील.

खडी, क्रश सॅण्ड, मुरूम, डबर हा माल स्वस्त आणि जड. दगड फोडून खडी करायला ऊर्जा तशी कमी लागते, टनामागे काही किलो कार्बन. ती खडी डंपरने ५० किलोमीटर आणली की वाहतुकीचे जवळपास पाच किलो त्यात मिळवावे लागतात. म्हणजे वाहतूक हाच निम्मा बोजा. पुण्याभोवती मोशी आणि वाघोली, नवी मुंबईत तुर्भे इथे खाणी आणि क्रशर आले ते याच गणितामुळे. शहराच्या जितकं जवळ तितकं स्वस्त. सह्याद्रीचा काळा बसाल्ट जागोजागी आहे, म्हणून टेकड्या पोखरल्या गेल्या. जवळच्या खाणीने डिझेल वाचतं आणि टेकडी जाते.

सिमेंटचं उलट आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर भागातून सिमेंट मुंबई-पुण्यापर्यंत येतं, तेव्हा अंतर आठशे-नऊशे किलोमीटरचं असतं. तरी वाहतुकीचा वाटा बनवण्याच्या वाट्यापुढे किरकोळ, आणि रेल्वेने आलं तर आणखी कमी. कारण सिमेंटच्या कार्बनचा मोठा भाग इंधनातून येतच नाही. चुनखडी भाजली की तिच्यात बांधलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटणारच. म्हणून सिमेंटच्या बाबतीत ‘कुठून आलं’ यापेक्षा ‘कोणतं घेतलं आणि किती वापरलं’ हे विचारा. फ्लाय ॲश मिसळलेल्या पीपीसी सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते, तेवढा क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून केलेला सिमेंटचा मूळ माल, वाचतो. कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, परळी, एकलहरे इथल्या औष्णिक केंद्रांच्या राखेचा याहून चांगला उपयोग सापडणं कठीण.

गुजरातमधल्या मोरबीहून येणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्सही याच गटातल्या. ट्रकच्या डिझेलपेक्षा भट्टीचा गॅस कितीतरी भारी पडतो. पण शहाबादी फरशी बघा. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते, भाजावी लागत नाही, थरांतून सुटते आणि कापली की तयार. तिच्यात वाहतूक हाच मुख्य खर्च. आणि ती जुन्या घरातून अखंड निघाली तर अंगणात, गच्चीवर, धुण्याच्या जागेत आणखी पन्नास वर्षं चालते. अशी फरशी हातोड्याखाली चुरा होताना पाहिली की जिवाला लागतं.

कोकण आणि गोव्यातल्या जांभ्याचंही तेच. चिरा खाणीत कापला जातो, भाजला जात नाही. सिंधुदुर्गातला चिरा सिंधुदुर्गातच लागला तर त्याच्याइतकं हलकं ओझं पर्यावरणावर दुसऱ्या कुठल्या भिंतीचं नसेल. तोच चिरा घाट चढून पुण्याच्या फार्महाऊसवर शोभेसाठी आला की फायदा संपला.

पाडकामाच्या वेळी जागेवर प्रत्यक्ष काय होतं?

सभासद घर सोडून गेलेले असतात, त्यामुळे हे फार कमी जण पाहतात.

पहिले काही दिवस आवाज नसतो. दारं, खिडक्या, ग्रील, नळ, वायरिंग, पाण्याच्या टाक्या निघतात. जुन्या इमारतीत सागाच्या चौकटी असल्या तर त्यांच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. या सगळ्याला किंमत असल्याने बऱ्याचदा पाडकामाचा ठेकेदारच बिल्डरला पैसे मोजतो. त्याची कमाई लोखंड, लाकूड आणि तांब्या-पितळेतून. राडारोडा त्याच्या दृष्टीने निव्वळ खर्च, आणि खर्च कमी करायचा म्हणजे गाडी जवळात जवळ रिकामी करायची. बेकायदा टाकण्याचं मूळ इथे आहे.

मग पोकलेन येतो, ब्रेकर लावलेला. वरून खाली स्लॅब फोडत आणतात. खाली ढीग झाला की मजूर घण घेऊन त्यावर चढतात. बीमचा तुकडा फोडून त्यातली सळई मोकळी करायची, गॅस कटरने कापायची, वाकलेली सरळ करून बाजूला रचायची. भर उन्हात, तोंडाला फडकं गुंडाळून. हेल्मेट असलं तर असलं. त्या ढिगावर पाणी मारलं जातंय का, हे कमिटीच्या माणसाने आठवड्यातून एकदा जाऊन बघितलं तरी फरक पडतो, कारण ती धूळ सगळ्यात आधी या माणसांच्या छातीत जाते.

ही सळई भंगारात जाते आणि तिथून बऱ्याचदा जालन्याच्या भट्ट्यांत. जालना ही आपल्याकडची भंगारातून सळई बनवणारी मोठी पेठ. लोहखनिजापासून एक टन पोलाद करताना दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. भंगार वितळवून केलं तर त्याचा एक अंश. बांधकामाच्या साहित्यात खऱ्या अर्थाने फेरा पूर्ण होतो तो पोलादाचा, आणि तो कुठल्याही नियमाशिवाय, केवळ भावामुळे होतो.

विटांचं नशीब मात्र मसाल्यावर असतं. चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्याची वीट हलक्या टोल्याने सुटते, घासून पुन्हा लावता येते. सिमेंटमध्ये बांधलेली वीट सुटत नाही, फुटते. म्हणून वाडा पाडला जातो तेव्हा विटा, तुळया, खण, दगडी जोतं यांचा हिशेब वेगळा करायला हवा. ते पोकलेनचं काम नाही, हाताचं काम आहे. जास्त दिवस लागतात आणि ते दिवस ठेकेदाराला द्यावे लागतात.

पुनर्प्रक्रिया केंद्रात राडारोड्याचं काय करतात?

गाडी काट्यावर जाते, वजन होतं, माल ओतला जातो. मोठी प्लास्टिकं, चिंध्या, लाकूड हाताने वेचतात. मग जबडा क्रशर. पट्ट्यावरून जाताना चुंबक उरलेलं लोखंड ओढून घेतं. चाळण्यांवर आकारानुसार खडी, ग्रिट आणि वाळू वेगळी होते. ओल्या पद्धतीच्या केंद्रात माल धुतला जातो, माती निघून जाते आणि वाळू बरीच स्वच्छ मिळते. धुतलेला गाळ दाबून पाणी परत वापरतात. शेवटी त्याच आवारात पेव्हर ब्लॉक, कर्ब स्टोन, विटा पाडल्या जातात.

देशातलं पहिलं केंद्र दिल्लीत बुराडी इथे २००९ मध्ये सुरू झालं. मुंबईसाठी दहिसर आणि शीळफाट्याजवळ डायघर इथे प्रत्येकी दिवसाला ६०० टन क्षमतेची दोन केंद्रं २०२४ मध्ये सुरू झाली. पुणे महापालिकेचं वाघोलीला आहे, पिंपरी-चिंचवडचं मोशीला.

केंद्राचं यंत्र कितीही चांगलं असो, आत जे येतं त्यापेक्षा चांगलं बाहेर पडत नाही. काँक्रीट वेगळं आलं तर खडी निघते. काँक्रीट, माती, पीओपी, थर्माकोल, चिंध्या आणि घरचा कचरा एकत्र आला तर निघते ती फक्त भरणी. हे वेगळं करायची संधी पाडकामाच्या जागेवर एकदाच मिळते. ढीग एकदा मिसळला की तो परत वेगळा होत नाही.

त्या खडीतून आमची नवी इमारत बांधता येईल का?

अंशतः, हो. भारतीय मानक आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने याला परवानगी दिली आहे. जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी साध्या, म्हणजे सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ (‘एम’पुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो) किंवा त्याखालच्या आरसीसीमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि एम-१५ पेक्षा कमी ग्रेडच्या काँक्रीटमध्ये १०० टक्के वापरता येते. विटा-गिलावा मिसळलेल्या मालापासून झालेल्या खडीला मात्र आरसीसीत जागा नाही.

मर्यादा का, तेही समजून घ्या. जुन्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो. तो सच्छिद्र असतो, पाणी पितो. बसाल्टची ताजी खडी एक-दोन टक्के पाणी शोषत असेल तर ही त्याच्या काही पट शोषते. मिक्स डिझाइन करणाऱ्याने, म्हणजे काँक्रीटमधली प्रमाणं ठरवणाऱ्याने, ते धरलं नाही तर काँक्रीट कोरडं पडतं, मग साइटवर कोणीतरी पाइप धरून पाणी ओततो आणि ताकद जाते. आधी खडी भिजवली, चाचणी केली तर अडचण येत नाही.

आजच्या उंच इमारतींत कॉलमसाठी एम-४० च्या पुढची काँक्रीट लागते. तिथे ही खडी नको. पण पायाखालचं पीसीसी (साधं, सळई नसलेलं काँक्रीट), सोलिंग (त्याखालचा दगडांचा थर), आवारातले रस्ते, पेव्हर, कंपाउंडची भिंत, गटाराची झाकणं, पार्किंगखालची भरणी यांत ती बिनधास्त वापरा. बिल्डर ‘क्वालिटीशी तडजोड नको’ म्हणून सरसकट नाही म्हणत असेल, तर त्याला विचारा की पेव्हर ब्लॉकच्या खाली डोंगर फोडलेला काळा दगड कशाला हवा.

पुनर्वापर केल्याने कार्बन किती वाचतो?

खडीच्या बाबतीत फार नाही, आणि हे स्पष्ट सांगितलेलं बरं. ताज्या खडीचा कार्बनच कमी आहे, मग वाचणार किती? केंद्र ४० किलोमीटरवर आणि खाण १० किलोमीटरवर असेल तर कार्बनच्या हिशेबात पुनर्वापर तोट्यातही जाऊ शकतो. जुन्या काँक्रीटमधलं सिमेंट परत सिमेंट होत नाही. ते बनवताना हवेत गेलेला कार्बन गेला तो गेला.

मग हे सगळं करायचं कशासाठी? टेकडीसाठी, नदीसाठी, खाडीसाठी. राडारोड्यातून निघालेला प्रत्येक टन म्हणजे खाणीत न फुटलेला एक टन दगड, किंवा नदीपात्रातून न उपसलेली वाळू, आणि ओढ्यात न पडलेला एक टन भराव. हे नुकसान कार्बनच्या आकड्यात दिसत नाही, पावसाळ्यात दिसतं.

कार्बन वाचवायचा असेल तर प्रश्न पाडकामाच्या आधी विचारायला हवा: इमारत खरोखर पाडायलाच हवी का? मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्या अहवालात ‘दुरुस्तीयोग्य’ असं आलं, तर जॅकेटिंग (कॉलम-बीमभोवती नवं काँक्रीट चढवणं), गिलावा, वॉटरप्रूफिंग करून सांगाडा आणखी वीस वर्षं टिकतो, आणि सांगाड्यातच इमारतीचं बहुतेक सिमेंट आणि पोलाद असतं. धोकादायक इमारतीत कोणी राहू नये, त्यात वाद नाही. लिफ्ट नाही, पार्किंग नाही, घरं लहान आहेत ही पुनर्विकासाची कारणंही खरी आहेत. पण निव्वळ वाढीव एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधायची परवानगी, मिळतो म्हणून पंचवीस-तीस वर्षांची धडधाकट इमारत पाडणं मला पटत नाही. कितीही पेव्हर ब्लॉक पाडले तरी त्याची भरपाई होत नाही.

एक जण म्हणतो, ‘माझ्या प्लॉटवर भरणी हवीये, फुकट टाका.’ देऊ का?

आधी जागा पाहा. ‘प्लॉट’ म्हणजे ओढ्याचा काठ, नदीची पूररेषा, पाणथळ जागा किंवा खारफुटी असेल तर तो गुन्हा आहे आणि त्यात माल कोणाचा हेही विचारलं जातं.

पुण्यात मुळा-मुठेच्या काठी आणि ओढ्या-नाल्यांत रात्रीतून ढीग पडतात हे कुणाला सांगायला नको. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, घरांत पाणी शिरलं, माणसं गेली. आकसलेल्या ओढ्यांचा प्रश्न त्यानंतर सगळ्यांच्या तोंडी आला. ओढ्याचं पात्र एका दिवसात अरुंद होत नाही, एकेका डंपरने होतं.

खाडीकाठी तेच खारफुटीचं. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये खारफुटीचा नाश हा जगण्याच्या हक्काचा भंग असल्याचं म्हटलं आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम किंवा राडारोडा टाकण्याला मनाई केली. तरी भराव पडतोच, कारण पद्धत साधी आहे: आधी भरतीचं पाणी अडवायचं, मग झाडं आपोआप वाळतात, मग ‘इथे काही नव्हतंच’ असं म्हणायचं. मुंबईचा माल रात्री पूल ओलांडून नवी मुंबईत टाकला जातो म्हणून तिथल्या महापालिकेला खास भरारी पथकं नेमावी लागली.

शेतात टाकायला मागत असतील तरी नको. सिमेंटचा चुरा जमिनीचा सामू (पीएच) वाढवतो आणि रंग, काच, वायरचे तुकडे मातीत कायमचे राहतात. खरी, कागदपत्रं असलेली, महापालिकेने मान्य केलेली भरणीची जागा असेल तर जरूर द्या. अंतर वाचतं आणि कामही होतं.

नियम काय सांगतात?

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी पहिल्यांदा बांधकामाच्या कचऱ्याला घनकचऱ्यापासून वेगळं काढलं. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन निर्माण करणाऱ्याने काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असं वेगळं करायचं, काम सुरू होण्याआधी योजना मंजूर करून घ्यायची आणि वाहतूक-प्रक्रियेचं शुल्क भरायचं, असं त्यात होतं. सरकारी आणि पालिकेच्या कामांत १० ते २० टक्के पुनर्प्रक्रिया केलेलं साहित्य वापरण्याची तरतूदही त्यातच. त्यांच्या जागी २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू. त्यांत २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर पुनर्प्रक्रियेची उद्दिष्टं टाकली आहेत.

आपली लहान सोसायटी या २०,००० चौरस मीटरच्या आकड्यात बसत नाही. पण शहरातला बराचसा माल अशाच लहान प्रकल्पांतून निघतो, म्हणून ‘आम्हाला लागू नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. नियमाचं वजन काय असू शकतं ते मुंबईने अनुभवलंय. देवनारच्या कचराभूमीच्या प्रश्नावरून उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या होत्या आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला तो राडारोडा सुरक्षित ठिकाणी टाकण्याच्या अटीवर.

मी फक्त बाथरूम आणि किचनचा ओटा नवा करतोय. मला काय?

घरदुरुस्तीचे गोणीभर तुकडे हेच सर्वात जास्त भरकटतात. सोसायटीच्या कोपऱ्यात, मग रस्त्याच्या कडेला, मग गटारात. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. इतर शहरांत वॉर्ड ऑफिसला विचारा. कडप्प्याचा ओटा अखंड निघत असेल तर फोडू देऊ नका, मिस्त्रीलाच विचारा, गिऱ्हाईक त्याच्याकडे असतं. आणि ओल्या-सुक्या कचऱ्याच्या गाडीत टाइल्स घालू नका.

सिमेंटचे पत्रे, पीओपी आणि जुना रंग यांचं वेगळं काही करायचं का?

हो. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतात. ते छतावर शांत असतात, फोडले की तंतू उडतात आणि त्या तंतूंनी कॅन्सर होतो. पाणी मारून, स्क्रू काढून अखंड उतरवावेत, प्लास्टिकमध्ये गुंडाळावेत आणि धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे द्यावेत. राडारोड्याच्या गाडीत कधीही नाही. पीओपी आणि जिप्समची फॉल्स सीलिंग वेगळी काढा. त्यातलं सल्फेट काँक्रीटच्या खडीत गेलं तर खडी वाया. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, म्हणजे त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. दारं-ग्रील कोरडं घासू नका, विशेषतः घरात लहान मूल असताना.

नव्या बांधकामात खेपा कमी कशा होतील?

हलक्या भिंतींनी. एएसी ब्लॉकचं (आत हवेची छिद्रं असलेला हलका सिमेंटी ब्लॉक) वजन त्याच आकाराच्या विटांच्या साधारण एक तृतीयांश असतं, म्हणून गाड्याही कमी आणि इमारतीवरचा भारही कमी. खोदाईत निघालेला चांगला मुरूम बाहेर पाठवून नंतर दुसरा विकत आणण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो आवारात किंवा शेजारच्या प्रकल्पावर ठेवला तर जाण्या-येण्याच्या दोन्ही खेपा वाचतात.

करारात कमिटीने नेमकं काय लिहून घ्यावं?

डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटमध्ये ‘राडारोड्याची विल्हेवाट डेव्हलपर नियमानुसार करेल’ असं एक वाक्य असतं. त्याचा उपयोग शून्य. त्याऐवजी, पाडकामाआधी दारं-चौकटी-फरशा हाताने काढण्यासाठी ठरावीक दिवस राखून ठेवलेले असावेत. काँक्रीट, विटा-गिलावा आणि माती यांचे तीन ढीग वेगळे राहतील एवढी जागा आराखड्यात दाखवलेली असावी. माल कोणत्या केंद्रात जाणार त्याचं नाव करारातच असावं, आणि प्रत्येक खेपेची गाडी नंबरसह वजनकाट्याची पावती कमिटीला दर आठवड्याला मिळावी. पावत्यांची बेरीज अंदाजाच्या जवळपास यायला हवी. १,२०० टनांच्या इमारतीच्या ३०० टनांच्याच पावत्या आल्या तर उरलेले ९०० टन कुठल्या तरी ओढ्यात किंवा खाडीत आहेत, असं समजून लगेच प्रश्न विचारा. पाडकामाच्या पैशांचा शेवटचा हप्ता या पावत्यांवर अडकवून ठेवा. नव्या इमारतीत सोलिंग, पीसीसी, पेव्हर आणि कंपाउंडसाठी पुनर्प्रक्रिया केलेलं साहित्य वापरायचं, हे तांत्रिक तपशिलाच्या यादीत टाइल्सच्या ब्रँडशेजारीच लिहा. आणि ती यादी सर्वसाधारण सभेत वाचून दाखवा, म्हणजे पुढे कमिटी बदलली तरी कोणाला ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही.